बाग त्यांची, महाल माझा

गुरुवारी सकाळी ते आंघोळ करून आले. खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आले तेव्हा ते गेले होते. शेजाऱ्यांनी डॉक्टरांना आणलं. मी लातूरला दिरांना फोन केला, मग पुण्याला मुलीला. दुपारी दीर आणि जाऊ आले. मुलगी पोहोचल्यावर गोदावरीच्या काठावर नेलं.

दिवाळी झाली की आम्ही महाल बघायला जाणार होतो.

गावाचं नाव लिहीत नाही. जवळपासच्या माणसाला ते कळेल, लांबच्याला कळून उपयोग नाही. लातूरहून राज्याच्या सीमेकडे निघालं की दोन-तीन तासांवर एका जुन्या किल्ल्यात तो महाल आहे आणि महालाच्या मागे बाग आहे. बस जाते. नांदेडहून निघालं तर मधे एकदा गाडी बदलावी लागते, एवढंच. लग्न झाल्यापासून आम्ही तिथं जाणार होतो, आणि गेलो नाही.

मी नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आमच्या ग्रंथालयात त्या महालावरचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात घडी घातलेला नकाशा होता: दरवाजा, चौक, दिवाणखाना, आतला जनाना, मागची बाग. मी तो इतक्या वेळा उघडला की घडीवर फाटला, आणि मीच त्याला चिकटपट्टी लावली. ते पुस्तक माझ्याशिवाय कोणी घरी नेल्याचं मला आठवत नाही. दिवाणखान्यात लाकडी खांब किती रांगांत आहेत, आतल्या खोलीत काळ्या दगडात शिंपल्याची नक्षी कुठल्या कोनाड्यापासून सुरू होते, हे मला न बघता माहीत होतं.

यांची नोकरी पाटबंधारे खात्यात, विष्णुपुरीला. पुस्तकातला महाल यांनी कधी धड पाहिला नाही. नकाशा उघडला की यांचं बोट थेट मागच्या बागेवर जायचं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही धरणावर बसलो होतो. मक्याची कणसं भाजून घेतलेली. यांनी काडीनं मातीत रेघा ओढून मला दाखवलं की त्या बागेत पाणी कसं येतं. टेकडीमागे तलाव. तिथून खापराचे नळ जमिनीखालून उतार धरून येतात, आणि बागेत पोचल्यावर पाणी आपल्याच दाबानं हौदात उसळतं.

"पंप नाही, वीज नाही," ते म्हणाले. "आमच्याकडं पंप आहेत, वीज तेवढी नाही."

मग ठरलं. महाल मी यांना दाखवायचा आणि बाग यांनी मला. एकमेकांचा भाग आधी एकट्यानं बघायचा नाही. नव्या लग्नातलं बोलणं, पण आम्ही ते पाळलं. फारच पाळलं.

यांची एक अट होती: बागेत पाणी असलेल्या वर्षीच जायचं. पाटबंधारे खात्यातल्या माणसाला कोरडा हौद दाखवणं म्हणजे हाडाच्या डॉक्टरला लंगडता माणूस दाखवण्यासारखं आहे, असं ते म्हणायचे. त्याला कौतुक नाही सुचत, दुरुस्ती सुचते. आणि आमच्याकडं पाणी असलेलं वर्ष म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. पाऊस नसेल त्या वर्षी बाग कोरडी. पाऊस भरपूर झाला की धरणाचे दरवाजे, यांची रात्रंदिवस ड्युटी, सुट्टी बंद. म्हणजे पाऊस नसे तेव्हा बाग नसे, आणि पाऊस असे तेव्हा हे नसत. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही दिरांकडे गेलो होतो. जावेनं घरभर भांडी भरून ठेवलेली, न्हाणीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिथं बसून हे मला बागेतल्या कारंज्यांचं सांगत होते. जाऊ म्हणाली, "भावजी, आधी ह्या पिंपात कारंजं उडवा की."

लांबचं मात्र बघून झालं. म्हैसूरचा महाल पाहिला, राजस्थानातले पाहिले. तिथं लोक तोंड वर करून छत बघत आणि हे पन्हळी शोधत. म्हैसूरला म्हणाले, "आपला ह्याच्यापुढं लहानच असणार. पण आपला आहे. जवळचं काय, कधीही बघता येतं."

कधीही. हा शब्द मी आता ऐकला की मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटतं.

ते निवृत्त झाले, मीही झाले, आणि पुढच्याच पावसाळ्यात चांगला पाऊस पडला. आता दरवाजे दुसऱ्यांनी उघडायचे होते. नवरात्रात ते म्हणाले, "दिवाळी झाली की जाऊ. यंदा हौद भरलेला असणार." त्यानंतरचा गुरुवार वर लिहिला आहे.

लोकांना वाटतं मी रडत असते. मी बहुतेक वेळा रागावलेली असते. भेटायला येणारे सगळे एकच सांगत होते: सोन्यासारखं मरण आलं, कुणाला त्रास नाही, अंथरुणाला खिळणं नाही, हातात पाण्याचा पेला. पेला माझ्या हातात होता. त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. पण मरण बघण्यासारखं होतं यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं, आणि मी मान हलवत होते.

आमच्या घराण्यात अशी रीत आहे की ज्या बाईचा नवरा गेला तिनं वर्ष फिरेपर्यंत हौसेनं कुठं जायचं नाही. बँकेत गेलं, दवाखान्यात गेलं, ते जाणं धरत नाहीत. वर्ष झालं की सासरच्यांनी तिला बाहेर काढायचं. पहिलं पाऊल कुठं टाकायचं ते तिलाच विचारतात. विचारतात म्हणजे, देवाचं नाव सांगायला सांगतात.

वर्षश्राद्धाच्या महिनाभर आधी दीर, जाऊ आणि लातूरला त्यांच्याकडेच राहणारे माझे चुलत सासरे नांदेडला आले. चुलत सासऱ्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. काकांनी चहाची बशी खाली ठेवली आणि रीतसर विचारलं, "बोल बाई. पहिलं पाऊल कुठं?"

मी म्हणाले, "महाल बघायला."

"कुठला म्हाल?"

मी गावाचं नाव सांगितलं.

काका दिरांकडे बघायला लागले. जाऊ म्हणाली, "अक्का, माहूर झालं, तुळजापूर झालं. देवी सोडून राजाकडं? आन् राजा तर मरून गेलाय."

"तिथं बाग आहे," मी म्हणाले.

"बाग इथं बी हाय की. कोपऱ्यावरच."

दीर यांच्यापेक्षा बरेच लहान, यांच्याच हाताखाली वाढलेले. स्वभावानं मायाळू. लातूरला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, पण घराण्यात त्यांचं खरं काम वेगळं. कुणाचीही सोयरीक ठरायची असली की आधी पाहणीला त्यांना धाडतात. समोरच्या लोकांना न कळवता जातात आणि घराची मागची भिंत बघून येतात. पुढून रंग कोणीही देतं, ते म्हणतात, माणूस मागच्या भिंतीला कळतो. त्यांच्या एका 'नको'वर कित्येक लग्नं मोडली आहेत आणि त्याबद्दल त्यांना अजून मान आहे.

ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या मनात हाय तर जाऊ. पर तुम्हाला असं एकदम न्यायचं न्हाई. आधी मी बघून येतो. बघण्यासारखं असलं तर समद्यांनी जाऊ."

मला तेव्हा बोलता आलं असतं. पण काय बोलायचं? आमच्या दोघांचा करार त्यांना माहीत नव्हता. तो सांगायचा म्हणजे काकांसमोर मक्याच्या कणसापासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हणाले, "कशाला तुम्हाला त्रास, भावजी."

"त्यात कसला त्रास?"

तो महिना मी एकच गोष्ट मनात घोळवत होते. महाल बघण्यासारखा आहे की नाही, हे दिरांच्या दृष्टीनं सोपं होतं. माझ्या दृष्टीनं दोन्ही उत्तरं वाईट होती. बागेत पाणी उसळत असेल, सगळं ते सांगायचे तसंच असेल, तर जे त्यांनी आयुष्यभर उद्यावर टाकलं ते लातूरहून तीन तासांवर रोज चालू होतं आणि ते न बघता गेले. आणि बाग कोरडी, पडीक असेल, तर आम्ही एवढी वर्षं एका खड्ड्यासाठी थांबलो. म्हणून मला ते कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. जे असेल ते मला उभं राहून बघायचं होतं, आणि बघताना शेजारी कोणी बोलायला नको होतं. एवढंच मागणं होतं माझं. मुलीला फोनवर थोडं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग एकटीच जा ना." तिचं बरोबर होतं. पण वर्ष फिरायच्या आत एकटी गेले असते तर पुढं त्याच घरात मला उठायचं-बसायचं होतं.

वर्षश्राद्धाचं जेवण झालं. पाहुणे पांगले. काका दिवाणावर आडवे झाले होते. दीर मोबाइल घेऊन टीव्हीपाशी गेले. यांनी क्रिकेटसाठी घेतलेला मोठा टीव्ही, वर्षभर झाकून ठेवला होता. दिरांनी त्यावरचं फडकं काढलं.

"वहिनी, बसा. समदं घेऊन आलोय."

मला वाटलं तोंडी सांगतील. ते म्हणाले, "तुम्हाला तिथवर जायची गरजच न्हाई. इथंच बघा," आणि पडद्यावर एक दगडी कमान आली.

वाहनतळ आधी आला. मग पिण्याच्या पाण्याची टाकी, तिला तोटी नव्हती. मग संडास, बाहेरून. आवाज दिरांचाच: "बायामाणसांची सोय न्हाई." मग ते खरोखरच महालाला वळसा घालून मागे गेले आणि मागची भिंत दाखवली. ती पडली होती. तिच्यातून उंबर उगवला होता.

"बघा," दीर खोलीतून म्हणाले. "पुढून झ्याक, मागून असं."

"मागचं कोण बघतंय," जाऊ म्हणाली.

"मी बघतो."

मग ते आत गेले. मी नकाशात गेले असते तशाच वाटेनं: दरवाजा, चौक, उजवीकडे पायऱ्या. पायरीवर त्यांचा बूट घसरला आणि पडदा सगळा आभाळाचा झाला. "इथं पडलो बघा," ते म्हणाले आणि पँट वर करून गुडघा दाखवला. खपली अजून ओली होती. दिवाणखान्याचे खांब आले. माझ्या पुस्तकातले खांब, पण रंगीत, आणि त्यांच्यावर दिल काढलेले, आत नावं. कॅमेरा खांबांवरून भराभर गेला. आतून कोणीतरी पहारेकरी ओरडला, "व्हिडिओ नक्को साब!"

"अरे भाभी के वास्ते लेरा," दिरांचा आवाज. "भाभी घर में है."

"तो भाभी कू लाओ ना."

खोलीत सगळे हसले. मीही हसले असेन.

मग ती आतली खोली आली. अंधारात काळा दगड, आणि त्यावर दिव्याच्या उजेडात काहीतरी चमकलं.

"हे काय न्हाई," दीर म्हणाले, "भिंतीला चमकी लावलीय."

"शिंपला आहे तो," मी म्हणाले.

"शिंपला? समुद्रातला?" जाऊ म्हणाली. "इथं कुठला समुद्र?"

मी सांगितलं. शिंपला लांबून आणला, कापून दगडात बसवला, डाव्या कोनाड्यापासून सुरू होतो. ही वाक्यं माझ्याकडं तयार होती. ती मी यांच्यासाठी तयार केली होती, इतक्या वर्षांत त्यांत सुधारणाही केल्या होत्या, कारण यांना लांबण लावलेली आवडत नसे. ती मी एका टीव्हीला सांगितली. काका डोळे मिटून "हां, हां" म्हणत होते. जाऊ म्हणाली, "अक्कांना कसं समदं ठाऊक." आणि महाल दाखवून झाला.

"आता बाग," दीर म्हणाले.

मी उठले. "थांबवा भावजी."

"का? दोन मिंटाचीच हाय."

"मी चहा ठेवते."

"अहो बघा की, मग ठेवा चहा. तुम्हीच म्हणाला नव्हता का बाग म्हणून?"

"तुम्ही बघा," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. दार लावून घेता आलं नाही, त्या दाराला फळीच नाही. मी नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं, आमची पाळी दुसऱ्या दिवशी होती. पातेल्यात पिंपातलं पाणी घेतलं, गॅस पेटवला. बाहेरून टीव्हीचा आवाज येत होता. एकसारखा, घुसमटलेला, सूं असा. मोबाइलवर वारा लागला तरी तसाच आवाज येतो. पाणी असलं तरी तसाच येतो.

मग जाऊ म्हणाली, "अगंबाई!"

आणि काका मोठ्यानं हसले.

एवढंच मला ऐकू आलं. 'अगंबाई' ती चांगल्यालाही म्हणते आणि वाईटालाही. काका कशालाही हसतात. मी चहा गाळला आणि बाहेर नेला. टीव्ही बंद झाला होता. दिरांनी फडकं परत घातलं होतं, चारही कोपरे नीट ओढून.

"वहिनी," कप घेत ते म्हणाले, "आता बागेचं सांगतो तुम्हाला..."

"नका सांगू."

त्यांना वाटलं मला दुःख झालं. ते म्हणाले, "बरं, न्हाई सांगत. पर जाण्यासारखं न्हाई, वहिनी. लई चालावं लागतं. बसायला सावली न्हाई. तुमचा त्रास वाचवला मी."

एक दिवस दुकान बंद ठेवून ते गेले होते. गुडघा फोडून आले होते. मी म्हणाले, "बरं केलंत."

काकांनी त्याच बैठकीत माहूर ठरवलं. पुढच्या मंगळवारी जीप आली. माहूरला पायऱ्या महालापेक्षा कमी नव्हत्या, चालणंही काही कमी पडलं नाही. दिरांनी मला हाताला धरून वर नेलं. ओटी जावेनं भरली. मी मागं, भिंतीला टेकून उभी राहिले, तिथं माझ्यासारख्या आणखी दोघी-तिघी होत्या आणि आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाही. प्रसादाचा तांबूल जावेनं माझ्या हातावर ठेवला. माझं पहिलं पाऊल पडलं होतं. उतरताना दीर म्हणाले, "बघा, इथं कसं परसन्न वाटलं की न्हाई?" देवीच्या देवळाची मागची भिंत त्यांनी पाहिली नव्हती.

त्यांच्यावर मला राग धरता येत नाही, ही अडचण आहे. त्यांनी सोयरीक पाहायला जावं तसं माझं दुःख पाहून घेतलं आणि नको म्हणून सांगितलं. राग मी यांच्यावर धरते. कोरड्या वर्षी एकदा गेलो असतो तर काय झालं असतं? हौद रिकामा असता. ते काठावर उकिडवे बसले असते, नळ कुठं फुटला असेल ते शोधत, आणि मी शेजारी उन्हात उभी राहून चला म्हणाले असते. आम्ही भांडतसुद्धा परत आलो असतो. ते मला पुरलं असतं.

नंतरची गोष्ट थोडी आहे. दिरांचा व्हिडिओ नात्यात फिरला. आता लातूरकडचं कोणी महालाला जायचं म्हणालं की आधी दिरांना विचारतात. ते म्हणतात, "तसं बघण्यासारखं काय न्हाई, पर एकदा बघावं." 'पर एकदा बघावं' हे माझ्या वेळी त्यांना सुचलं नव्हतं. या हिवाळ्यात जाऊ तिच्या भिशीच्या बायकांबरोबर गाडी करून जाऊन आली. काकाही गेले, पुढच्या सीटवर बसून. मला विचारलं नाही, कारण माझा त्रास वाचवलेला आहे. परत आल्यावर जावेचा फोन आला.

"अक्का, एक सांगू का?"

"बागेचं असेल तर नको."

"बरं बाई," ती म्हणाली, आणि तिनं भाजी काय केली ते विचारलं.

नकाशाचं पुस्तक कॉलेजात आहे. सकाळची गाडी रोज सुटते, मधे एकदा बदलावी लागते. मी अजून गेलेले नाही. महाल पाहून झाला आहे. बागेत पाणी आहे की नाही, हे घरात मला सोडून सगळ्यांना माहीत आहे.